मज्जारज्जूला मार बसल्यावर खालच्या जोडण्या काय करतात?

अक्षतंतू (धागाकर्ता)

मज्जारज्जूच्या दुखापतीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक "तार तुटली, दिवा गेला" एवढ्यावर थांबतं. हा दाखला अर्धाच खरा आहे, आणि त्याच्यामुळे पेशंटच्या घरच्यांचे बरेच गैरसमज होतात. म्हणून हा धागा. न्यूरोफिजिऑलॉजी, फिजिओ, रिहॅब यांपैकी कशातही काम करणाऱ्यांनी भर घालावी.

टी८ ला (छातीच्या आठव्या खंडाला) रज्जू चेचला गेला तरी कमरेचा आणि त्याखालचा रज्जू, म्हणजे एल१ ते एस५ चे खंड, सहसा जिवंत असतो. तिथल्या मोटर चेतापेशी, स्नायू आणि कातडीकडून खबर आणणारे तंतू, मधल्या इंटरन्यूरॉन पेशी सगळं जागेवर असतं. जातं ते वरून येणारं, म्हणजे कॉर्टेक्स (मेंदूचा वरचा थर) आणि मेंदूच्या देठातून उतरणारे ॲक्सॉन (पेशींचे लांब तंतू). एकेका मोटर पेशीवर हजारो सिनॅप्स (दोन चेतापेशींमधल्या जोडण्या) असतात. त्यातले वरच्या तंतूंचे सिनॅप्स गळून पडले की पेशीच्या अंगावर जागा मोकळी होते. ती कोण भरतं, यावर पुढचं वर्षभर काय दिसणार ते ठरतं.

स्पायनल शॉकचे (दुखापतीनंतर जखमेखालचे रिफ्लेक्स काही काळ शांत होण्याच्या अवस्थेचे) चार टप्पे डिट्युनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले, ते अजूनही कामाचे आहेत.

पहिले २४ तास: खालचे बहुतेक रिफ्लेक्स शांत. वरून सतत मिळणारं उत्तेजन एकदम थांबल्यामुळे मोटर पेशी उंबरठ्यापासून लांब जातात. तरीही तळव्यावर जोरात रेघ ओढली तर अंगठा उशिरा, सावकाश हलताना दिसू शकतो.

दिवस १ ते ३: कातडीवरून उठणारे रिफ्लेक्स परततात, बल्बोकॅव्हर्नोसस (जननेंद्रिय दाबल्यावर किंवा कॅथेटर ओढल्यावर गुदद्वार आवळणं) त्यातलाच. इथे नवीन सिनॅप्स नसतात; उपाशी पेशी आपल्या पृष्ठभागावर रिसेप्टर वाढवते, त्यामुळे उरलेल्या थोड्या इशाऱ्यालाही मोठा प्रतिसाद देते.

आठवडा १ ते ४: मोकळ्या जागेवर नवे सिनॅप्स. गुडघ्याचा, घोट्याचा झटका परत येतो.

महिना १ ते १२: नवे सिनॅप्स बनतच राहतात, आता लांबून येणारे तंतूही त्यात उतरतात. ताठरपणा, क्लोनस (ताणल्यावर स्नायू लयीत थरथरणं), स्पॅझम (स्नायू आपोआप आवळणं) दिसायला लागतात.

थोडक्यात, शॉक "उतरतो" तेव्हा रज्जू पूर्वीसारखा होत नाही. वेगळ्या जोडणीचा होतो.

---

पाणकोंबडी

उत्तम धागा. फिजिओच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक शंका. वॉर्डात तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिफ्लेक्स परत आला की नातेवाईक म्हणतात, पाय हलला, आता चालणार. त्यांना काय सांगायचं? आणि चार्टवर लिहिताना नेमकं काय तपासायचं?

---

फिजिओताई

@पाणकोंबडी, सांगायचं ते असं: पाय हलला, पण मेंदूने सांगितलं म्हणून हलला का, एवढंच आपल्याला बघायचंय. रिफ्लेक्सचा रस्ता रज्जूच्या आतल्या आत पुरा होतो. त्याला मेंदू लागत नाही.

तपासताना सर्वात जास्त घोळ दोन ठिकाणी होतो.

एक, गुदद्वाराची तपासणी. फोली कॅथेटरला (लघवीच्या नळीला) हलका झटका दिला आणि स्फिंक्टर आवळला, तर तो रिफ्लेक्स. "शौच रोखून धरल्यासारखं आवळा" म्हटल्यावर आवळला, तर ती इच्छेनुसार हालचाल. दुसरी असेल तर एआयएस श्रेणी (दुखापत किती पूर्ण ते सांगणारी, ए ते ई) थेट सी किंवा त्यावर जाते, त्यामुळे पहिलीला दुसरी समजलात तर सगळा अंदाज चुकतो. बोट आत गेल्या गेल्या जे आवळणं जाणवतं ते मोजायचं नाही. थोडं थांबायचं, स्फिंक्टर सैल होऊ द्यायचा, मग आज्ञा द्यायची. तीनदा. आज्ञेनंतर आवळणं आणि "सोडा" म्हटल्यावर सुटणं, दोन्ही दिसलं पाहिजे. पेशंट पोटावर जोर देत असेल तर तेही बोटाला लागतं, त्यालाही फसायचं नाही. एस४-५ ला (गुदद्वाराभोवतीच्या कातडीला) हलका स्पर्श आणि टाचणी वेगळी तपासायची, आणि आत दाब दिल्यावर जाणवतो का तेही विचारायचं.

दोन, पायाचे स्नायू. ताणल्यावर किंवा चादर ओढल्यावर आलेला स्पॅझम "ग्रेड २" म्हणून नोंदवला जातो. आधी सांधा हाताने फिरवून बघा, स्पॅझम शांत होऊ द्या, मग आज्ञा. दोन्ही बाजूंचे १०-१० ठरलेले स्नायू, प्रत्येकी ० ते ५, एकूण १००. संवेदनेसाठी प्रत्येक बाजूला २८ बिंदू. टी८ च्या खालची ताजी दुखापत असेल तर मांडी ९०° च्या पुढे पोटाकडे नेऊ नका, कमरेच्या मणक्यांवर ताण येतो.

पहिल्या दिवशीची श्रेणी घरच्यांना अंतिम म्हणून सांगू नये. दारू, डोक्याचा मार, वेदनेची औषधं, श्वासाची नळी घातलेली, यात पहिली तपासणी भरवशाची नसते. ७२ तासांनंतरची धरा.

---

मेडिकल_किडा

धागाकर्त्यांनी उत्तेजनाची बाजू मांडली. मला वाटतं खरी गंमत ब्रेकच्या बाजूला आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

प्रौढ मोटर पेशीत क्लोराइड कमी ठेवलेलं असतं. हे काम केसीसी२ नावाचा पंप करतो. पोटॅशियम बाहेर जाताना त्याच्या जोरावर तो क्लोराइडलाही बाहेर काढतो. आत क्लोराइड कमी म्हणून गाबा किंवा ग्लायसिन या थांबवणाऱ्या रसायनांनी दार उघडलं की क्लोराइड आत येतं, पेशी आणखी ऋण होते आणि गप्प बसते. निरोगी रज्जूत "थांब" हा हुकूम असा चालतो.

दुखापतीनंतर खालच्या मोटर पेशींच्या पटलावर केसीसी२ कमी होतो. उंदरांमध्ये हे २०१० मध्ये नीट दाखवलं गेलं. पंप कमी, म्हणून क्लोराइड आत साचतं. आता गाबाने तेच दार उघडलं तरी क्लोराइड आत येण्याची ओढ उरत नाही, आणि साठा फारच वाढला तर उलट बाहेर जातं. म्हणजे गाबाच्या पेशी आहेत, सिनॅप्स आहेत, रसायनही सुटतंय, आणि तरीही ब्रेक लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सिनॅप्स मोजून हे कळणारच नाही.

त्यावर आणखी एक थर. वरून येणारं सेरोटोनिन संपलं की काही आठवड्यांनी मोटर पेशीवरचे ५-एचटी२सी रिसेप्टर सेरोटोनिनशिवायच चालू राहायला लागतात. पेशीत एकदा सुरू झालेला विद्युतप्रवाह मग चटकन बंद होत नाही. कातडीला नुसतं चादरीचं घर्षण झालं की कित्येक सेकंद टिकणारा स्पॅझम येतो, तो यामुळे.

---

तळेगावकर

किडा यांच्या मुद्द्याला जोडून व्यवहाराचं.

ब्रेकची ही अवस्था प्रयोगशाळेत मोजता येते. सोलियस या पोटरीच्या स्नायूचा एच-रिफ्लेक्स घ्या, म्हणजे नर्व्हला शॉक दिल्यावर रज्जूतून फिरून स्नायूत उमटणारी लाट. गुडघ्यामागे टिबियल नर्व्हला १ मिलिसेकंदाचा शॉक, आधी १० सेकंदांतून एकदा, मग सेकंदाला एकदा किंवा त्याहून जलद. निरोगी माणसात वेग वाढवला की लाट लहान होते. जुन्या दुखापतीत ती तेवढी लहान होत नाही. एम-लाट (शॉकने रज्जूत न जाता थेट स्नायूत उमटणारी) दोन्ही वेळी सारखी आहे ना हे बघितलं नाही, तर इलेक्ट्रोड सरकल्याचा फरक तुम्ही रज्जूच्या नावावर खपवाल.

स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) एकाएकी वाढली तर औषध वाढवण्याआधी कारण शोधा. लघवीचा संसर्ग, मूत्राशयात खडा, मुरडलेला कॅथेटर, कडक शौच, बेडसोअर, आत वाढलेलं नख, न कळलेलं फ्रॅक्चर. जोडण्या बदललेल्या असल्यामुळे खालून येणारी कुठलीही तक्रार स्नायूंवर उमटते.

बॅक्लोफेन गाबा-बी वर काम करतं, क्लोराइडच्या दारावर नाही, म्हणून किडा म्हणतात तो ब्रेक बिघडला असला तरी चालतं. नेहमीची सुरुवात ५ मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, दर ३ दिवसांनी प्रत्येक डोस ५ मिग्रॅने वाढवत, साधारण ८० मिग्रॅ रोजच्या मर्यादेपर्यंत. किडनी कमजोर असेल तर बरंच कमी. आणि एकदम बंद करायचं नाही. गोळ्या संपल्या, गावी मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत, दोन दिवस चुकल्या, एवढ्यावर ताप, भास, फिट्स येऊ शकतात.

शेवटचं: सगळा ताठरपणा घालवू नका. काही जण मांडीच्या ताठरपणावर उभे राहतात, खाटेवरून खुर्चीत जातात. तो काढला की उभं राहणंही जातं. डोस ठरवण्याआधी दिवसभरात ताठरपणा कुठे उपयोगी पडतो ते विचारा.

---

अक्षतंतू

आता वरून खाली निरोप पुन्हा पोचण्याबद्दल. कापलेला लांब ॲक्सॉन प्रौढ रज्जूत जखम ओलांडून पूर्वीच्या जागी वाढत नाही, हे खरं. मायलिनमधला (तंतूंवरच्या वेष्टनातला) नोगो-ए, जखमेभोवतीचे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकॅन आणि प्रौढ पेशीची स्वतःचीच कमी झालेली वाढण्याची धमक, अशी तिहेरी अडचण असते. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी परिघीय नर्व्हचा तुकडा जोडून दाखवलं की त्याच पेशींचे ॲक्सॉन त्या तुकड्यातून सेंटिमीटरच्या सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आजूबाजूचा परिसर मोठा अडसर आहे.

पण वळणाचा रस्ता तयार होतो. बॅरेयर यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांत छातीच्या पातळीवर रज्जूची मागची अर्धी बाजू कापली. मागच्या पायांकडे जाणारे कॉर्टिकोस्पायनल (कॉर्टेक्सपासून रज्जूत उतरणारे) तंतू तुटले. त्यांनी मानेच्या पातळीवर, म्हणजे जखमेच्या बरंच वर, बाजूला फांद्या फोडल्या आणि तिथल्या प्रोप्रिओस्पायनल पेशींवर सिनॅप्स केले. या पेशी रज्जूच्या एका खंडातून दुसऱ्यात जातात. काही आखूड, जखमेच्या वरच संपणाऱ्या. काही लांब, न कापलेल्या भागातून कमरेपर्यंत पोचणाऱ्या. सुरुवातीला फांद्या दोन्हींवर बसल्या. १२ आठवड्यांनी लांब पेशींवरच्या टिकल्या, आखूड पेशींवरच्या बऱ्याचशा गेल्या. ज्या जोडणीतून निरोप पलीकडे पोचत होता ती राहिली.

२००८ मध्ये कुर्टीन आणि सोफ्रोन्यू यांच्या प्रयोगात तर दोन अर्धे छेद होते, एकेका बाजूला, वेगवेगळ्या पातळीवर. दोन्ही मिळून मेंदूपासून कमरेपर्यंत सरळ उतरणारा एकही तंतू शिल्लक नाही. दोन छेद एकाच दिवशी दिले तर उंदीर कायमचा लुळा. मध्ये १० आठवडे सोडले तर पुन्हा पाऊल टाकायला लागला. जखम एकूण तेवढीच. फरक एवढाच की वळणाच्या जोडणीला वेळ मिळाला.

---

मेडिकल_किडा

आणि त्याच्यापुढचा धागा माझ्या मुद्द्याशी जुळतो. २०१८ मध्ये हार्वर्डच्या झिगांग ही यांच्या गटाने असेच दोन छेद एकाच वेळी दिलेल्या उंदरांना केसीसी२ ला बळ देणारं सीएलपी२९० दिलं. बरेचसे उंदीर पाय टाकायला लागले. म्हणजे मधला भाग निरोप नेऊ शकत होता, पण तिथल्या पेशी इतक्या भडकलेल्या की त्यातून कामाचा इशारा पार होत नव्हता. उत्तेजन वाढवायचं नव्हतं, ब्रेक नीट करायचा होता. हे औषध माणसांसाठी बाजारात नाही, कृपया मला व्यनि करून विचारू नका.

गोळीशिवायही केसीसी२ थोडा वाढतो. दोन्ही बाजूंनी पूर्ण कापलेल्या रज्जूच्या उंदरांना यंत्राने पाय फिरवणारी सायकल दिली तर पंप वाढला आणि तळेगावकरांनी सांगितलेली एच-रिफ्लेक्सची घटही सुधारली. पाय स्वतः हलत नसतानाही.

---

आजानुबाहू

सगळं छान, पण उंदीर चार पायांवर चालतो आणि त्याचा कॉर्टिकोस्पायनल मार्ग चालण्यासाठी फारसा लागतही नाही. माणसात हाताची बोटं त्याच्याशिवाय हलत नाहीत. या जोडण्यांवर माणसात थेट काम करता येतं का?

---

अक्षतंतू

रास्त आक्षेप. माणसातला मला सर्वात पटणारा प्रयोग बंडे आणि पेरेझ यांचा, २०१२ चा. मानेच्या जुन्या, अपूर्ण दुखापतीचे रुग्ण. लक्ष्य एकच सिनॅप्स: कॉर्टेक्सचा तंतू आणि तर्जनीचा स्नायू हलवणारी मोटर पेशी. मेंदूवर चुंबकीय झटका आणि मनगटाजवळ अल्नर नर्व्हला विजेचा झटका, अशा १०० जोड्या, दर १० सेकंदांना एक. जवळपास १७ मिनिटांचं काम. अट ही की वरचा इशारा सिनॅप्सवर आधी पोचला पाहिजे आणि मनगटाकडून उलटा चढलेला इशारा १ ते २ मिलिसेकंदांनी मागून. स्नायूचा प्रतिसाद आणि बोटाचा जोर वाढला, आणि परिणाम तासाभराहून अधिक टिकला.

हे मिलिसेकंद कसे काढतात ते दाखवतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. समजा एफ-लाट (मोटर पेशीपर्यंत उलटी जाऊन, तिथे वळायला १ मिलिसेकंद घेऊन, स्नायूत परतणारी) २८, एम-लाट ३ मिलिसेकंदांवर. मनगटापासून मोटर पेशीपर्यंत: (२८ − ३ − १) ÷ २ = १२. मोटर पेशीपासून स्नायूपर्यंत: (२८ + ३ − १) ÷ २ = १५. मेंदूवरच्या झटक्याला स्नायूचा प्रतिसाद २३ वर आला, तर मेंदू ते मोटर पेशी २३ − १५ = ८.

वरचा इशारा दीड मिलिसेकंद आधी हवा, म्हणजे १०.५ ला. तो ८ घेतो, म्हणून मनगटाचा शॉक आधी आणि २.५ मिलिसेकंदांनी मेंदूचा.

आता दुखापतीमुळे तोच प्रतिसाद २९ वर आला असं धरा. वरचा प्रवास ८ ऐवजी १४. हिशोब उलटला: मेंदूचा झटका ३.५ मिलिसेकंद आधी द्यावा लागतो. पुस्तकातला ठरावीक आकडा वापरला तर वरचा इशारा उशिरा पोचतो. क्रम उलटा झाला की सिनॅप्स बळकट होत नाही, कमजोरही होऊ शकतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या लाटा मोजल्याशिवाय हे करण्यात अर्थ नाही. फिट्स येणाऱ्यांना, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असणाऱ्यांना चुंबकीय झटका नको.

---

फिजिओताई

मशीन नसलेल्यांसाठीही या गोष्टीत काम आहे. रज्जू जे करवून घ्याल ते शिकतो, आणि तेवढंच शिकतो. पूर्ण छेद दिलेल्या मांजरांना फक्त उभं राहायला शिकवलं तर ती छान उभी राहतात, पण ट्रेडमिलवर पाय टाकत नाहीत. त्याच मांजरांना ग्लायसिनचा ब्रेक काढणारं स्ट्रिक्निन थोडं दिलं की तासाभरात पाय टाकायला लागली. चालण्याची जोडणी गेलेली नव्हती. उभं राहण्याच्या सरावाने तिच्यावर ब्रेक बसला होता. (स्ट्रिक्निन विष आहे, हे वेगळं सांगायला नकोच.)

चालण्याच्या सरावात रज्जूला दोन खुणा लागतात: तळव्यावर वजन आणि पाऊल मागे जाताना मांडी पूर्ण मागे ताणली जाणं. हार्नेसने वजन उचलायचं तर गुडघा न मोडता जेवढं कमी उचलता येईल तेवढं. ४० टक्क्यांच्या वर उचललं की तळव्याकडून खबरच पुरेशी जात नाही. पेशंट बारवर हातांनी लटकला तर तेच. मदत करणाऱ्याचा हात कुठे आहे तेही बघा. पाय जमिनीवर असताना गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर दाब, उचलताना गुडघ्यामागच्या शिरांवर. पाऊल हवेत असताना तळव्याला हात लावलात तर रज्जूला वाटतं पाय टेकला, आणि गुडघा ताठ होतो.

जुन्या दुखापतीत मांडीचं हाड गुडघ्याजवळ ठिसूळ असतं. जोर लावून गुडघा वाकवू नका. उभं करण्याआधी सूज, उष्णता बघा.

ट्रेडमिल नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. अपूर्ण दुखापतीच्या १४६ जणांवरच्या, २००६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत १२ आठवडे ट्रेडमिल आणि तेवढाच वेळ जमिनीवर चालणं यांत फरक निघाला नव्हता. दोन्ही गटांना भरपूर सराव मिळाला होता, हे लक्षात घ्या.

---

आजानुबाहू

@अक्षतंतू, हिशोब आवडला. एपिड्युरल स्टिम्युलेशनचं मग काय? व्हिडिओत लोक चालताना दिसतात.

---

अक्षतंतू

तिथे विजेने स्नायू थेट हलवत नाहीत. रज्जूच्या मागच्या बाजूला बसवलेले इलेक्ट्रोड मागच्या मुळांतले जाड संवेदी तंतू जागे करतात, ते मोटर पेशींना उंबरठ्याजवळ आणतात. मग वरून आलेला क्षीण इशाराही पुरतो. २०११ मध्ये लुइव्हिलच्या हार्केमा यांनी ज्या तरुणावर हे दाखवलं त्याला खाली इच्छेनुसार हालचाल अजिबात नव्हती; यंत्र चालू असताना तो पाय हलवू शकला. म्हणजे हालचालीच्या दृष्टीने "पूर्ण" म्हटलेल्या दुखापतीतही काही तंतू शिल्लक असू शकतात. २०२२ मध्ये लोझानच्या गटाने दाखवलं की या उपचारासह चालण्याचा सराव झाल्यावर चालताना कमरेच्या रज्जूतली एकूण धावपळ कमी होते, आणि इंटरन्यूरॉनचा एक विशिष्ट गट पुढे येतो (हा गट उंदरांत सापडला). व्हिडिओत न दिसणारं: महिनोन्‌महिने रोजचा सराव, आणि बीपी, संसर्ग, इलेक्ट्रोड सरकणं यांची देखरेख.

स्टेम सेलबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहितो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. फक्त नोंदणीकृत चाचणीत, आणि रुग्णाकडून पैसे न घेता. मज्जारज्जूसाठी कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक मागा.

---

तळेगावकर

एक गोष्ट राहिली, आणि ती जिवावरची आहे. टी६ किंवा त्यावरच्या दुखापतीत वेदनेचे बारीक तंतू खालच्या रज्जूत नव्या फांद्या फोडतात. त्यांचा इशारा सिम्पथेटिक (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या) पेशींपर्यंत पोचतो, वरून आवरणारं कुणी नसतं, आणि भरलेल्या मूत्राशयासारख्या साध्या कारणाने बीपी भडकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल, दुखापतीच्या वर घाम, बऱ्याचदा नाडी मंद. यालाच ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात.

अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा बीपी ९० ते ११० असतो. म्हणून १४० बघून "ठीक आहे" म्हणणारा कॅज्युअल्टीतला माणूस चुकतो. नेहमीच्यापेक्षा २० ते ४० ने वाढला की डिसरिफ्लेक्सिया धरा.

ताबडतोब उठवून बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, बूट, पायाच्या पिशवीचे बंद सोडा. दर २ ते ५ मिनिटांनी बीपी. कॅथेटर मुरडलाय का, पिशवी भरलीये का बघा. अडकला असेल तर शरीराच्या तापमानाच्या सलाइनने १० ते १५ मिली हळू धुवा. नाही निघाला तर बदला, आधी २ टक्के लिग्नोकेन जेली घालून. कारण मूत्राशयात नसेल तर शौच तपासायचं, पण तिथेही आधी जेली आणि काही मिनिटं थांबून. बोट घातल्याने बीपी आणखी चढतो. १५० च्या वर राहिला तर लवकर उतरणारं, थोडा वेळ टिकणारं औषध डॉक्टरांनी. नायट्रेट देण्याआधी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलंय का विचारा, लाजू नका. कारण दूर झाल्यावर बीपी एकदम पडतो, म्हणून पुढचे किमान २ तास मोजत राहा.

---

पाणकोंबडी

@तळेगावकर काका, खूप उपयोगी. लहान मुलांतही २० ते ४० च धरायचं का?

---

तळेगावकर

नाही. मुलांत नेहमीच्यापेक्षा १५ ने वाढला तरी पुरे, किशोरवयात १५ ते २०. त्यासाठी मुलाचा नेहमीचा बीपी, बसलेला आणि आडवा, डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला पाहिजे. तो नसेल तर तुलना कशाशी करणार. आणि कफ मुलाच्या दंडाच्या मापाचा घ्या. मोठ्या माणसाचा कफ गुंडाळला तर आकडा कमी येतो आणि नेमका हाच झटका निसटतो.